बिनकुंकवाची मतं

३१ ऑगस्ट

आज माझा सेवापूर्तीचा कार्यक्रम झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, पोरींनी रडून घेतलं, जुन्या विद्यार्थ्यांनी लांबलांब भाषणं ठोकली आणि शेवटी सगळ्या गावादेखत माझी शोभाही झाली.

पुरुषांचे हारतुरे संपल्यावर बायकांचा कार्यक्रम होता. सरपंच आबारावांची बायको कौसल्या ताट घेऊन उठली. तिने आधी आमच्या तृप्ती मॅडमची ओटी भरली, मग अंगणवाडीच्या बाईंची, मग माझ्यासमोर आली. मुठीत गहू घेतलेले होते. हात माझ्या पदरापर्यंत आला आणि थांबला. मग तिने मूठ पुन्हा ताटातच उघडली, ताट टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून सासूशेजारी जाऊन बसली. मी पदर पसरून उभी ती उभीच. 

आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. विधवेची ओटी भरत नाहीत हे मला काय ठाऊक नाही? मी मागायला गेले नव्हते. पण मला मधोमध उभं करायचं, पदर पसरायला लावायचा आणि मग आठवायचं? आणि आठवलं कुणाला, तर कौसल्येला. माझी पहिली नेमणूक शहागडची. तिथे या पोरीने माझ्याकडे पाटी गिरवली. लग्न होऊन ती याच गावात आली तेव्हा मला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं होतं.

भुजंगभाऊजी, माझे धाकटे दीर, घरी सोडायला आले. म्हणाले, "वहिनी, मी पाहून राह्यलो होतो. आसराबाईनं मागून तिचा पदर ओढला. सासूपुढं काय करील ती?"

पदर ओढला म्हणून मूठ कशी उघडेल? मूठ तिची होती. मी तिचंच नाव लक्षात ठेवणार आहे.

९ सप्टेंबर

हरिओमचा पुण्याहून फोन आला. "आई, आता इकडेच ये, आकांक्षाही म्हणते आहे, आराम कर." मी म्हटलं, सूनबाईला सांग, येते, पण इथलं एक काम राहिलंय. कसलं काम, म्हणाला. मला तरी कुठे ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं आणि नंतर दिवसभर ते काम काय असावं याचाच विचार करत भांडी घासली.

दळणाला गेले होते. गिरणीत दोघीतिघी बोलत होत्या त्या मला पाहून गप्प झाल्या. एवढी वर्षं मी वर्गात शिरल्यावर पोरं गप्प व्हायची, ती वेगळी गोष्ट होती.

२६ सप्टेंबर

काम सापडलं. सरपंचपदाचं आरक्षण निघालं, सर्वसाधारण महिला. आबाराव स्वतः उभे राहू शकत नाहीत, ते वॉर्डातून सदस्य होणार आणि सरपंचाच्या खुर्चीत कौसल्येला बसवणार. म्हणजे खुर्चीत ती आणि शिक्का याच्या खिशात.

मी उभी राहणार. भाऊजींना सांगितलं तर ते आधी हसले, मग माझा चेहरा पाहून बसले. "वहिनी, गावात आबारावाच्या शब्दाबाहेर कोण हाय? हारलो तं तोंड दाखवायला जागा न्हाई राहणार." मी म्हटलं, मला तोंड दाखवायला जागा आत्ता कुठे आहे?

गावाचं भलं वगैरे मी सभेत बोलेन. इथे खरं ते लिहिते. मला कौसल्येला हरलेली पाहायची आहे. गावादेखत, माझ्यासारखीच उभी.

१९ नोव्हेंबर

निवडणूक लागली. सगळीकडे कापूस वेचणी चालू, त्यामुळे माणसं भेटतात ती शेतातच. आज दोन वस्त्या केल्या. पाय सुजले.

पाणवठ्याच्या वाटेवर कौसल्या समोर आली. डोक्यावर पदर, बरोबर कुणी नाही. आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही उभ्या राह्यल्या हे लई बरं केलं."

किती धीट टोमणा! माझ्या तोंडावर! मी पुढे गेले. मागून तिने "बाई" अशी हाकही मारली. मी वळले नाही.

३ डिसेंबर

काल अर्ज भरला. आज मालनबाई येऊन गेली. मालनबाई कासारीण टेंभुर्णीहून येते, बांगड्यांची पेटी घेऊन गावात घरोघरी फिरते. माझ्या घरी तिचं काही काम नसतं, तरी ओट्यावर बसून पाणी पिते. आज पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "बाई, छाननीला जाताना संडासाचा दाखला बरोबर ठेवा. तिथंच बोट ठिवणारेत ते."

मी म्हटलं, अर्जाला जोडलाय की. "जोडला असंल, पण गहाळ होणार हाय. दुसरा घिऊन जा."

"तुला कुणी सांगितलं?"

"बांगड्या भरताना बायांचा हात आपल्या हातात आस्तो, बाई. बाया बोलत्यात." आणि पेटी उचलून निघाली. गावात माझ्याबद्दल बायकांना अजून माया आहे हे ऐकून बरं वाटलं.

५ डिसेंबर

मालनबाई म्हणाली तसंच झालं. तहसीलला छाननीत आबारावांच्या वकिलाने उठून सांगितलं की सत्यशीलाबाईंच्या अर्जाला शौचालयाचा दाखला नाही, अर्ज बाद करा. पाहिलं तर खरंच नव्हता. मी पर्स उघडून दुसरा काढून दिला. आबारावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ते वकिलाकडे पाहत होते, वकील त्यांच्याकडे. कौसल्या भिंतीला टेकून उभी होती. ती मात्र माझ्याकडे पाहून हसली. हसते आहे! इतकं होऊनही निर्लज्जपणे हसते आहे. थांब म्हटलं मनात.

७ डिसेंबर

चिन्हं मिळाली. तिला कपबशी, मला शिट्टी. भाऊजींनी टेंभुर्णीच्या बाजारातून पिशवीभर शिट्ट्या आणल्या. गल्लीतली पोरं सारखी वाजवून डोकं उठवतायत, पण त्यांना ओरडता येत नाही. आयुष्यभर शिट्टी मी वाजवली आणि पोरं गप्प बसली, आता उलटं.

आबारावांच्या बॅनरवर आबाराव एवढे मोठे आणि कौसल्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी.

८ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. आबारावांनी मारुतीच्या देवळासमोर मांडव घालून मोठं हळदीकुंकू केलं. घरोघरी आमंत्रण, येणाऱ्या प्रत्येकीला स्टीलचा डबा वाण म्हणून. आसराबाई पाटावर बसून होत्या आणि कौसल्या एकेकीला कुंकू लावत होती. भाऊजी म्हणाले, आचारसंहितेची तक्रार करू. मी नाही म्हटलं. मला काहीतरी दिसत होतं ते नीट पाहून घ्यायचं होतं.

मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून कोण मांडवात जातं ते पाहत राहिले, आणि मग कोण जात नाही ते पाहायला लागले. गिरिजाबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन मांडवाला वळसा घालून गेली. तिच्या मागे कपाळ मोकळं असलेली आणखी एक, मग मागच्या आळीतल्या दोघी. आपापल्या सुनांना मांडवाच्या तोंडापर्यंत सोडायचं आणि स्वतः बाहेर चपला राखत बसायचं.

आमच्या गावात अशा किती आहेत? कुणाचा नवरा दारूने गेला, कुणाचा मोटारसायकलवर, कुणाचा करोनात. घरात त्या मोठ्या. सुना-नातवंडं त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि आबारावांनी नेमक्या त्यांना सोडून बाकी गावाला बोलावलं. त्यांना वगळायचं असं कुणी ठरवलंही नसेल. हळदीकुंकू म्हटल्यावर त्या आठवतच नाहीत कुणाला.

माझी तर हसूनच पुरेवाट झाली. दुकानदाराला वाटलं मला काही झालं.

१० डिसेंबर

माझ्या घरी सगळ्या बिनकुंकवाच्या बायकांना बोलावलं. निरोप द्यायला मालनबाई आपणहून फिरली. संध्याकाळी बसायची खोली, ओटा, अंगण भरलं. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या आणि सगळ्यांना खुर्चीवरच बसवलं. कित्येकींना नीट बसता येईना, कडेला टेकून बसल्या होत्या.

गिरिजाबाई धनगराची. मेंढ्या विकल्या तेव्हापासून बियाणं कंपनीच्या मिरचीच्या शेडनेटमध्ये फुलं जोडायच्या, म्हणजे एका फुलाचे परागकण हाताने दुसऱ्याला लावायच्या कामाला जाते. ती म्हणाली, "बाई, आमच्या हातानं जोडलेलं फूल धरतं. कंपनीचा साहेब म्हणतो गिरिजाबाईचा हात लई चांगला. अन् तोच हात पोरीच्या हळदीला चालला न्हाई. मी मागच्या खोलीत बसल्ते."

मी विचारलं, पोरीच्या नाहीतर पोराच्या लग्नात मागच्या खोलीत कोण कोण बसलं होतं? एकेक हात वर व्हायला लागला. कुणी रडलं नाही. हात वर करून त्या एकमेकींकडे पाहत होत्या आणि नवल करत होत्या.

मग मी बोलले. असं आयुष्यात कधी बोलले नव्हते. म्हटलं, ज्या बाईने गावादेखत माझ्या पदरात मूठभर गहू टाकले नाहीत, ती उद्या तुमच्या पदरात काय टाकणार? कौसल्येचं नाव घेऊन घेऊन बोलले. एकीने मध्येच म्हटलं, "तसं कौसल्या वाईट न्हाई वं बाई, सासूच लई…" मी तिला बोलूच दिलं नाही.

मी यांच्यासाठी उभी आहे की माझ्यासाठी? माझ्यासाठी. पण त्यात यांचं काही वाईट होत नाही.

१३ डिसेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

पारावर आबारावांची सभा होती. मी सरळ जाऊन पुढच्या रांगेत बसले. आबाराव बोलत होते. विकास, रस्ता, पाण्याची टाकी. त्यांचं संपल्यावर मी उठले. त्यांचा छापील जाहीरनामा हातात घेतला होता. म्हटलं, "आबाराव, सरपंच कोण होणार?"

"कौसल्या. विचारता काय?"

"मग हा तिचा जाहीरनामा तिलाच वाचू द्या. गावाला ऐकू द्या तिचा आवाज."

"मी वाचतो की."

"तुम्ही वॉर्डाचे. सरपंच ती. ये कौसल्या, ऊठ. मी शिकवलंय तुला."

लोक सरसावून बसले. कौसल्या उठली. कागद माझ्या हातातून घेतला. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने कागद फिरवून उलटा धरला आणि मोठ्याने म्हणाली, "मला न्हाई वाचता येत, बाई. शिकल्ते ते समदं इसरून गेले."

मग जो काही हशा पिकला! कुणीतरी शिट्टी वाजवली, मग दहा शिट्ट्या वाजल्या. मागून एक जण ओरडला, "सही तरी येती का वहिनी?" आबारावांचा चेहरा काळाठिक्कर. कौसल्या तशीच उभी, उलटा कागद छातीशी धरून.

काय पोरगी होती! शहागडला पंधरा ऑगस्टला सगळ्या शाळेपुढे धडा वाचायची, एकही अक्षर न अडखळता. आणि आज कागद सरळ हातात आलेला तो हिने उलटा केला, इतकीही ओळख राहिली नाही अक्षराची. चूल आणि सासू, दुसरं काय राहणार डोक्यात. माझ्या शिकवण्याची माती केली म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घरी येऊन मी गोडाचा शिरा केला आणि एकटीने खाल्ला.

१६ डिसेंबर

प्रचार संपला. वारं फिरलंय असं सगळे म्हणतात. "अंगठेबहाद्दर सरपंच नको" असं पोरांनी गाणंच केलंय. ते मी सांगितलेलं नाही, पण थांबवलंही नाही.

मालनबाईला रस्त्यात भेटले. आबारावांच्या घरातून बाहेर पडत होती. म्हटलं, निवडणुकीत तुझा धंदा जोरात दिसतो. ती नेहमी काहीतरी बोलते, आज काहीच बोलली नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पेटी काखेत मारून निघून गेली. हिला काय झालं कोण जाणे.

१८ डिसेंबर

मतदान. गिरिजाबाई सगळ्यांच्या पुढे रांगेत, तिच्या मागे आमच्या सगळ्या. केंद्रावरचे पोलीस पाहत राहिले.

२० डिसेंबर

जिंकले. नऊ मतांनी.

तालुक्याहून येईपर्यंत गावाच्या वेशीत डीजे लागला होता. गुलालाची पोती फोडली. आणि आमच्या बायका! गिरिजाबाईच्या कपाळावर, केसांवर, पातळावर गुलाल. कित्येक वर्षांनी त्यांच्या कपाळाला लाल काही लागलं. नाचता येत नव्हतं कुणाला, नुसत्या जागच्या जागी उड्या मारत होत्या. मीही मारल्या.

मिरवणूक आबारावांच्या दारापुढे थांबवायला मी सांगितलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पुढं घेऊ. उगं कशाला?" मी म्हटलं, इथेच थांबायचं. डीजे बंद करा.

दार बंद होतं. मी हाक मारली, "कौसल्या!" एकदा, दोनदा. आतून आसराबाईंचा आवाज आला, कुणाला तरी अडवत असल्यासारखा. मग दार उघडलं आणि कौसल्या बाहेर आली. तिच्या हातात ताट होतं. गहू, खण, नारळ. अंगावर चांगलं लुगडं. एका हातात एकच बांगडी, दुसऱ्या हातात तीही नाही. हरल्याच्या दुःखात उतरवल्या असतील. उंबरा ओलांडून खाली रस्त्यावर आली, गुलालात. मागे दारात सासू, ओट्यावर नवरा. सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, पदर पसरा."

 एवढ्या महिन्यांपासून मी हेच डोळ्यांपुढे आणलं होतं की ती समोर येईल. फक्त ती ताट घेऊन येईल असं कधी मनात आलं नव्हतं. आणि मग मला राग आला, असा आला की कानशिलं तापली. शिक्षिका होते तेव्हा मी विधवा होते, सरपंच झाले की सवाष्ण झाले का?

मी म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता आठवण झाली का? खुर्चीची ओटी भरायला आलीस. त्या दिवशी माझी भरायला हात आखडला तुझा. ठेव तुझं तुझ्याकडे." आणि पदर कमरेला खोचून घेतला.

ती तशीच उभी राहिली, मूठ पुढे करून. मी माघारी वळले आणि डीजे लावायला सांगितलं.

गिरिजाबाई माझ्या शेजारी होती. नंतर वाटेत ती नाचली नाही. दमली असेल.

२१ डिसेंबर

दिवसभर लोक. हार, पेढे, फोन. हरिओम म्हणाला, आई, तू तर नेताच झालीस. एवढं समाधान मला कधी मिळालं नव्हतं असं इथे लिहायचं ठरवलं होतं.

२४ डिसेंबर

सकाळी ओट्यावर कोण, तर आबाराव. हातात पेढ्यांचा पुडा, तोंडभर हसू. "बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. आता मिळून चालू." ते वॉर्डातून निवडून आलेत. सदस्य बहुतेक त्यांचेच. उपसरपंच तेच होणार. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार, माझा प्रत्येक ठराव त्यांच्या हातात. आणि हे सांगताना त्यांचा आवाज किती गोड!

मी पाहत राहिले. या माणसाचं काय गेलं? काहीच नाही. सायकलची घंटी गेली असती तर याला जास्त वाईट वाटलं असतं.

मी विचारलं, कौसल्या कशी आहे?

"गेली माहेरी, शहागडला. धाडून दिली." चहाचा घोट घेतला. "बाईमाणसानं घरात राहून घरालाच बत्ती लावायची म्हनल्यावर कोण ठिवून घील? तुम्हीच सांगा." आणि पुन्हा हसले, जणू यात आम्हा दोघांचं एकमत होतं.

मला काही कळलं नाही. म्हणजे, कळायला लागलं आणि मी ते कळू दिलं नाही. पेढे शेजारच्या गायीपुढे टाकले.

२५ डिसेंबर

मालनबाईच्या टेंभुर्णीच्या घरी गेले. ती फुटलेल्या बांगड्यांची काच निवडत बसली होती. बस म्हणाली नाही. मी आपणच बसले आणि विचारलं, दाखल्याचं तुला कुणी सांगितलं होतं?

"तुम्ही तवाच इचारायला पायजे होतं, बाई. हात कुनाचा व्हता मनून."

मग ती बोलली. कौसल्येने सांगितलं होतं. आमच्या बायकांना निरोप द्यायला मालनबाईला पाठवलं तेही कौसल्येनेच. मी म्हटलं, पण ती स्वतःच उभी होती. मालनबाई म्हणाली, "उभी क्येली व्हती. तिला खुर्ची नको व्हती. नवरा मनंल तिथं सही करायची अन् उद्या जेलात बी तिनंच जायाचं. ती मला मनली, मालन, बाई निवडून आल्या तं मी सुटले."

"आणि पारावर…"

"त्या रातीपासून मी तिच्या हातात बांगड्या भरून राह्यले, बाई. सारख्या. भरायच्या अन् फुटायच्या. शेवटी ती मनली, आता ऱ्हाऊ दे."

मी उठले. मालनबाईने पुन्हा काच निवडायला घेतली. घरी येताना बसमध्ये मला एवढा राग आला होता की शेजारची बाई सरकून बसली. आबारावांवर, आसराबाईंवर, भाऊजींवर, पदर ओढला हे नीट पटवून न सांगितल्याबद्दल. सगळ्यांवर. बाकी कुणावर, ते लिहीत नाही.

२८ डिसेंबर

शहागडला जाऊन आले. जालन्याला उतरून दुसरी गाडी पकडली. वाटेत ठरवत गेले की काय बोलायचं. म्हणायचं, चल, मी सरपंच आहे, बघू कोण तुला घरात घेत नाही. आबारावाला मी सोडणार नाही. पोलिसात जाऊ. सगळ्या बायका बरोबर आणते.

तिच्या भावाचं हायवेला लागून हॉटेल आहे. ट्रकवाले जेवायला थांबतात. कौसल्या मागच्या बाजूला भाकरी थापत होती. मला पाहून हात धुतले, खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. पाया पडली नाही. इतकी वर्षं ती मला भेटली की पाया पडायची, हे मला ती न पडल्यावर कळलं.

मी ठरवलेलं सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला न्हाई यायचं तिकडं. इथं बरं हाय. भाऊ काही बोलत न्हाई, वहिनी बोलती पण मारत न्हाई."

"मी आबारावाला…"

"ते तुमचं तुम्ही बघा, बाई. तुम्हाला जमतं ते."

मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. दाखल्याचं, निरोपांचं, काहीच. सासूने पदर ओढला तेही मी जमेस धरलं नाही. "तू मला एकदा तरी सांगायचं होतंस."

"आल्ते की सांगायला. तुम्ही वळल्या न्हाई." हे ती रागाने म्हणाली नाही.  पुढच्या बाजूने भाऊ हाक मारत होता, दोन थाळ्या म्हणून. "ओटीचं जाऊ द्या. गुलालातलं बी जाऊ द्या, जिंकल्यावर माणूस बोलतं. एकच इचारू का?"

विचार म्हटलं.

"पारावर मी कागद उलटा धरला. समद्या गावाला खरं वाटलं, वाटू द्या. त्यांनी मला कधी वाचताना पाह्यलं न्हाई. पण तुम्ही मला शिकवलं व्हतं. मला वाचता येत न्हाई हे तुम्हाला कसं काय खरं वाटलं, बाई?"

भावाने पुन्हा हाक मारली. ती हलली नाही, उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मला सांगता आलं असतं की वय झालं, गोंधळ होता, माणसं होती. एवढी वर्षं पोरांकडून खरं बोलून घेत आले, मला तिच्यापुढे दुसरं काही बोलता येईना.

मी म्हटलं, "मला तसंच पाहिजे होतं."

तिने मान हलवली आणि थाळ्या वाढायला आत गेली.